विश्लेषण : मतदार यादीत नाव नोंदवायला गेल्या आणि त्याच रात्री बेघर झाल्या, फॅनी लू हेमर कोण होत्या?

अमेरिकेत मतदान दोन टप्प्यांत होते. आधी नावनोंदणी, मग प्रत्यक्ष मत. भारतात मतदार याद्या तयार करण्याची जबाबदारी निवडणूक आयोगावर आहे. अमेरिकेत मात्र यादीत नाव घालून घेणे हे परंपरेने नागरिकाचे स्वतःचे काम मानले गेले. साठ वर्षांपूर्वी मिसिसिपी राज्यात कृष्णवर्णीयांना मतदान केंद्रापर्यंत पोहोचूच दिले जात नव्हते, कारण त्यांना नोंदणीच्या खिडकीवरच अडवले जाई. ही अडवणूक नेमकी कशी चाले, हे एका शेतमजूर महिलेच्या आयुष्यातून समजून घेता येते.

कापसाच्या शेतातून सुरुवात

फॅनी लू हेमर यांचा जन्म ६ ऑक्टोबर १९१७ रोजी मिसिसिपीतील माँटगोमेरी काउंटीत झाला. २० भावंडांत त्या सर्वात धाकट्या. आईवडील मळेवाल्याची जमीन वाट्याने कसत. बियाणे, खत, किराणा उधारीवर घ्यायचा आणि हंगामाच्या शेवटी पिकाचा अर्धा वाटा व उधारी चुकती करायची, अशी ती पद्धत होती. हिशेबाची वही मालकाकडेच असल्याने कर्ज सहसा फिटत नसे.

फॅनी लू सहाव्या वर्षापासून कापूस वेचू लागल्या. शाळा बाराव्या वर्षी सुटली. १९४४ मध्ये पेरी हेमर यांच्याशी लग्न झाल्यावर हे जोडपे सनफ्लॉवर काउंटीतील रूलव्हिल गावाजवळच्या एका मळ्यावर राहू लागले. लिहिता-वाचता येत असल्याने मजुरांची हजेरी आणि वेचलेल्या कापसाच्या नोंदी ठेवण्याचे काम फॅनी लू यांच्याकडे आले. १९६१ मध्ये गाठ काढण्याच्या शस्त्रक्रियेत डॉक्टरांनी त्यांच्या संमतीविना गर्भाशयही काढून टाकले. गरीब कृष्णवर्णीय महिलांच्या बाबतीत तेव्हा त्या भागात असे अनेकदा घडत असे.

हक्क होता, मग मत का नव्हते?

अमेरिकेच्या राज्यघटनेतील १५ व्या दुरुस्तीने १८७० मध्ये वर्णावरून मताधिकार नाकारण्यास मनाई केली. १९ व्या दुरुस्तीने १९२० मध्ये महिलांनाही मताधिकार दिला. म्हणजे कागदावर हेमर यांना मतदानाचा पूर्ण हक्क होता. तरीही आपण मतदार होऊ शकतो, हे त्यांना वयाच्या ४४ व्या वर्षी, ऑगस्ट १९६२ मध्ये गावातील चर्चमधल्या एका सभेत कळले. विद्यार्थी अहिंसक समन्वय समिती या तरुणांच्या संघटनेने ती सभा घेतली होती.

अडसर कायद्याच्या भाषेत लपलेला होता. मिसिसिपीच्या १८९० च्या राज्यघटनेत कृष्णवर्णीय हा शब्द न वापरता त्यांना वगळण्याची सोय केलेली होती. अर्जदाराला नोंदणी अधिकाऱ्यासमोर राज्यघटनेतील एखादे कलम लिहून दाखवावे लागे आणि त्याचा अर्थ सांगावा लागे. कलम कोणते द्यायचे हे अधिकारी ठरवे आणि उत्तर बरोबर की चूक हेही तोच ठरवे. गोऱ्या अर्जदाराला सोपे कलम, कृष्णवर्णीयाला किचकट, हा नेहमीचा प्रकार. अर्जात मालकाचे नाव आणि कामाचे ठिकाणही भरावे लागे. शिवाय अर्जदारांची नावे स्थानिक वर्तमानपत्रात दोन आठवडे छापली जात. कोणाला कामावरून काढायचे आणि कोणाला धमकवायचे, याची यादीच त्यातून तयार होई.

३१ ऑगस्ट १९६२ : त्या दिवशी काय घडले?

त्या दिवशी हेमर यांच्यासह १८ जण एका जुन्या बसने काउंटीचे मुख्यालय असलेल्या इंडियानोलाला निघाले. न्यायालयाच्या इमारतीत नोंदणी कार्यालय होते. हेमर यांच्या वाट्याला कायद्याच्या क्लिष्ट संज्ञेचे कलम आले. त्यांनी ते लिहून दाखवले, पण अर्थ सांगता आला नाही आणि त्या नापास झाल्या.

परतताना पोलिसांनी बस अडवली. बसचा रंग नियमात बसत नाही, असे कारण देऊन चालकाला १०० डॉलर दंड सांगण्यात आला. तो शेवटी ३० डॉलरवर आला आणि प्रवाशांनी वर्गणी काढून भरला. सगळे घाबरलेले असताना हेमर यांनी बसमध्ये भजने म्हणायला सुरुवात केली. त्यांचे नेतृत्व प्रथम दिसले ते तिथे.

मळ्यावर पोहोचेपर्यंत मालकाला बातमी कळली होती. अर्ज मागे घ्या, नाहीतर जागा सोडा, असे त्याने बजावले. १८ वर्षे ज्या मळ्यावर घाम गाळला, तो हेमर यांनी त्याच रात्री सोडला. पतीला मात्र हंगाम संपेपर्यंत तिथेच राबावे लागले. १० सप्टेंबरच्या रात्री हेमर ज्या घरी आश्रयाला होत्या, त्या घरावर १६ गोळ्या झाडण्यात आल्या. त्याच रात्री गावातील दुसऱ्या घरात दोन मुली गोळीबारात जखमी झाल्या.

परीक्षा उत्तीर्ण, तरी मत नाही?

डिसेंबरमध्ये हेमर पुन्हा इंडियानोलाला गेल्या. पास होईपर्यंत दर ३० दिवसांनी येत राहीन, असे त्यांनी अधिकाऱ्याला सुनावले. या वेळी त्यांनी राज्यघटनेचा अभ्यास केला होता. १० जानेवारी १९६३ रोजी त्या उत्तीर्ण झाल्याचे कळले. नाव यादीत आले.

तरीही त्या वर्षी मत देता आले नाही. मिसिसिपीत मतदारांवर वर्षाला दोन डॉलरचा कर होता आणि मतदानाच्या वेळी मागील दोन वर्षांच्या पावत्या दाखवाव्या लागत. हेमर नुकत्याच नोंदल्या गेल्या होत्या, त्यांच्याकडे पावत्या कुठून असणार? हातात पुरेशी रोकड क्वचितच येणाऱ्या कुटुंबांसाठी ही रक्कमही मोठी होती.

विनोनाच्या तुरुंगात काय झाले?

नोंदणीसाठी इतरांना तयार करण्याचे काम आता हेमर पूर्णवेळ करू लागल्या. ९ जून १९६३ रोजी दक्षिण कॅरोलिनातील एका प्रशिक्षणाहून परतताना विनोना येथील बसथांब्यावर त्यांना सहकाऱ्यांसह अटक झाली. तुरुंगात पोलिसांनी दोन कृष्णवर्णीय कैद्यांच्या हाती दंडुका देऊन हेमर यांना मारहाण करायला लावले. त्यांचे मूत्रपिंड आणि एक डोळा कायमचा अधू झाला. १२ जूनला सुटका झाली, त्याच दिवशी पहाटे राज्याच्या राजधानीत नागरी हक्कांचे नेते मेडगर एव्हर्स यांची हत्या झाली होती. मारहाणीच्या खटल्यात सर्व गोऱ्या ज्युरींनी आरोपी अधिकाऱ्यांना निर्दोष सोडले.

राष्ट्राध्यक्षांनी तातडीची पत्रकार परिषद का घेतली?

जानेवारी १९६४ मध्ये २४ वी घटनादुरुस्ती झाली आणि केंद्रीय निवडणुकांपुरता मतदार कर रद्द झाला. त्याच वर्षी जूनमध्ये हेमर यांनी डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक फेरीत काँग्रेससाठी उमेदवारी केली. त्या हरल्या, पण आयुष्यातील पहिले मत त्यांनी स्वतःलाच दिले.

त्या उन्हाळ्यात देशभरातील स्वयंसेवक मिसिसिपीत आले. सुमारे १७ हजार कृष्णवर्णीयांनी नोंदणीचा प्रयत्न केला, त्यापैकी जेमतेम १,६०० जणांचे अर्ज स्वीकारले गेले. राज्यातील डेमोक्रॅटिक पक्ष फक्त गोऱ्यांचा असल्याने हेमर आणि सहकाऱ्यांनी मिसिसिपी फ्रीडम डेमोक्रॅटिक पार्टी स्थापन केली आणि अटलांटिक सिटीतील राष्ट्रीय अधिवेशनात राज्याच्या जागांवर दावा सांगितला.

२२ ऑगस्ट १९६४ रोजी समितीसमोर हेमर यांनी बस, मळा, गोळीबार आणि तुरुंग हा सारा प्रवास सांगितला. दक्षिणेतील गोरे मतदार दुरावतील या भीतीने राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी त्याच वेळी पत्रकार परिषद घेतली आणि टीव्हीचे कॅमेरे तिकडे वळले. पण संध्याकाळी वाहिन्यांनी हेमर यांचे भाषण दाखवले आणि ते देशभर पोहोचले. पक्षाने तडजोड म्हणून दोन जागा देऊ केल्या आणि त्यावर कोण बसणार हेही वरूनच ठरवले. हेमर यांच्या पक्षाने हा प्रस्ताव फेटाळला.

१९६५ च्या कायद्याने काय बदलले?

६ ऑगस्ट १९६५ रोजी जॉन्सन यांनीच मताधिकार कायद्यावर स्वाक्षरी केली. साक्षरता चाचण्या थांबल्या, अडवणूक होणाऱ्या काउंट्यांत केंद्राचे अधिकारी नोंदणीसाठी पाठवण्याची तरतूद झाली आणि भेदभावाचा इतिहास असलेल्या राज्यांना निवडणूक नियम बदलण्यापूर्वी केंद्राची मंजुरी बंधनकारक झाली. मिसिसिपीत नोंदणीकृत कृष्णवर्णीय मतदारांचे प्रमाण कायद्यापूर्वी ६.७ टक्के होते, ते १९६७ पर्यंत ५९.८ टक्क्यांवर गेले. माणसे तीच होती, बदलली ती नोंदणीची प्रक्रिया.

हेमर यांनी न्यायालयातही लढा दिला. त्यांच्या याचिकेवर १९६६ मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने त्यांच्या काउंटीतील नगर निवडणुकांबाबत कृष्णवर्णीय मतदारांच्या बाजूने निकाल दिला आणि १९६७ मध्ये तिथे नव्याने मतदान झाले.

१९६८ च्या शिकागो अधिवेशनात त्या अधिकृत प्रतिनिधी म्हणून गेल्या. १९६९ मध्ये त्यांनी भूमिहीन कुटुंबांसाठी सहकारी शेती सुरू केली. मत दिले म्हणून घर आणि अन्न तुटत असेल, तर आधी जमीन हाती हवी, हा त्यामागचा विचार होता. १९७१ मध्ये राज्य सिनेटच्या निवडणुकीत त्या पराभूत झाल्या. आजारपणाने १४ मार्च १९७७ रोजी, ५९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. २०२५ मध्ये त्यांना मरणोत्तर प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम देण्यात आले.

आज नोंदणी कशी होते?

आजही नोंदणीचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत. नॉर्थ डकोटात नोंदणीच लागत नाही, काही राज्यांत मतदानाच्या दिवशीही नाव नोंदवता येते, तर मिसिसिपीत ३० दिवस आधी नोंदणी पूर्ण करावी लागते. १९९३ च्या कायद्यामुळे बहुतेक राज्यांत वाहन परवान्याच्या कार्यालयात किंवा टपालानेही अर्ज करता येतो. मात्र २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, कोणत्या राज्यांना पूर्वमंजुरी लागेल हे ठरवणारे कलम रद्द केले. त्यामुळे नियम बदलण्यापूर्वी केंद्राला विचारण्याचे बंधन प्रत्यक्षात उरले नाही. ओळखपत्र, मुदत, यादीतून नावे वगळणे यांवरून तिथे दर निवडणुकीत वाद होतात, त्याला ही पार्श्वभूमी आहे. अर्जातला एखादा रकाना किंवा दोन डॉलरची पावती मत देण्याचा हक्क कसा हिरावून घेऊ शकते, हे हेमर यांच्या आयुष्याने दाखवून दिले होते.