स्वस्त औषधांचा पाया घालणारे ख्वाजा अब्दुल हमीद

कोलेस्टेरॉल कमी करणारी अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनची गोळी आज भारतातील असंख्य हृदयरुग्णांच्या नित्यक्रमाचा भाग आहे. 'लिपिटॉर' या मूळ महागड्या ब्रँडमधील हेच द्रव्य येथे देशी कंपन्यांच्या गोळ्यांत अल्प किमतीत मिळते. या स्वस्ताईमागे ज्यांचे परिश्रम आहेत, त्यांत 'सिप्ला'चे संस्थापक ख्वाजा अब्दुल हमीद यांचे स्थान अग्रगण्य आहे.

हमीद यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९८ रोजी अलीगढ येथे झाला. असहकार चळवळीच्या काळात ते राष्ट्रीय विचारांकडे ओढले गेले आणि जामिया मिलिया इस्लामियात रसायनशास्त्र शिकवू लागले. पुढील शिक्षणासाठी त्यांनी इंग्लंडऐवजी जर्मनीची वाट धरली. बर्लिनमध्ये त्यांनी डॉक्टरेट संपादन केली आणि तेथेच ज्यू कुटुंबातील लुबा या त्यांच्या सहधर्मचारिणी झाल्या.

मायदेशी परतल्यावर १९३५ मध्ये त्यांनी मुंबईत सिप्लाची स्थापना केली. औषधांसाठी परदेशाकडे पाहणाऱ्या देशात हे मोठेच धाडस होते. ४ जुलै १९३९ रोजी महात्मा गांधींनी कारखान्याला भेट दिली. पाठोपाठ महायुद्ध पेटले, आयात आटली आणि देशी औषधनिर्मितीचे मोल सर्वांना उमगले.

स्वातंत्र्य मिळाले, तरी ब्रिटिशांचा १९११ चा पेटंट कायदा कायम राहिला. एखाद्या औषधाचे पेटंट परदेशी कंपनीकडे असेल, तर वेगळ्या पद्धतीनेही ते बनवण्यास देशी उद्योगाला मज्जाव होता. परिणामी, गरीब भारतात कित्येक औषधांचे दर जगातील सर्वाधिक दरांमध्ये गणले जात. हा कायदा बदलावा, यासाठी देशी उत्पादकांनी दीर्घकाळ लढा दिला. त्यात हमीद आणि त्यांचे रसायनतज्ज्ञ पुत्र युसूफ आघाडीवर होते.

अखेर १९७० मध्ये नवा कायदा संमत झाला. औषधाच्या द्रव्यावर नव्हे, तर केवळ निर्मितीप्रक्रियेवर पेटंट मिळेल, असे ठरले. २० एप्रिल १९७२ रोजी तो अमलात आला. त्यानंतर जेमतेम दोन महिन्यांनी, २३ जून रोजी हमीद यांनी जगाचा निरोप घेतला.

कोलेस्टेरॉलवरील पहिल्या स्टॅटिनला अमेरिकेत मान्यता मिळाली ती १९८७ मध्ये. पुढे भारतीय कंपन्यांनी स्वतःच्या प्रक्रियेने ही औषधे बनवली. २००५ मध्ये द्रव्यावरील पेटंट परत आले, पण तोवर हा उद्योग आपल्या पायांवर उभा राहिला होता. हमीद यांना मात्र त्या झाडाची फळे पाहता आली नाहीत.