पोथी आणि तिचे घर : डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचे संग्रहकार्य

डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचे नाव प्राच्यविद्येच्या इतिहासात व्याकरणकार, इतिहासकार आणि समाजसुधारक या तीन नात्यांनी घेतले जाते. या तिन्ही कार्यांच्या तळाशी असलेले त्यांचे चौथे कार्य मात्र चरित्रलेखनात बहुधा अनुषंगानेच येते. ते म्हणजे हस्तलिखिते आणि ताम्रपट यांचा शोध, संग्रह व नोंदणी. एखादी जुनी वस्तू हाती आल्यावर तिच्यात काय लिहिले आहे हा प्रश्न पंडितांना नवा नव्हता. ती कोणाच्या घरातून आली, कोणी लिहविली, कोणाकोणाच्या ताब्यात राहिली, हे प्रश्नही तितक्याच गांभीर्याने विचारण्याची शिस्त एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्याकडे रुजू लागली. तिच्या उभारणीत भांडारकरांचा वाटा कोणता आणि तिच्या मर्यादा कोणत्या, हे त्यांच्या चरित्राच्या आधारे पाहणे उद्बोधक ठरते.

भांडारकरांचा जन्म ६ जुलै १८३७ रोजी मालवण येथे झाला. मालवण तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात मोडत असे. १९८१ साली जिल्ह्याचे विभाजन होऊन ते सिंधुदुर्गात गेले. वडील गोपाळराव महसूल खात्यात कारकून होते. १८४७ च्या सुमारास त्यांची बदली रत्नागिरीस झाली आणि रामकृष्णाला तेथील इंग्रजी शाळेत प्रवेश मिळाला. बदलीची ही घटना वरकरणी किरकोळ, परंतु तिच्यामुळेच मालवणच्या या मुलाला इंग्रजी शिक्षणाची वाट खुली झाली. १८५३ मध्ये रत्नागिरीचे शिक्षण संपवून ते मुंबईस एल्फिन्स्टन संस्थेत दाखल झाले. पुढे दक्षिणा फेलो असताना पुण्यात शास्त्र्यांजवळ त्यांनी परंपरागत पद्धतीने संस्कृताचे अध्ययन केले. १८६२ साली मुंबई विद्यापीठाच्या पदवीधरांची पहिली तुकडी बाहेर पडली. तीत महादेव गोविंद रानडे, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक यांच्यासमवेत भांडारकर होते.

सिंधमधील हैदराबाद येथे काही काळ मुख्याध्यापक राहिल्यावर १८६५ मध्ये ते रत्नागिरीच्या शाळेत त्याच पदावर आले. ज्या शाळेत इंग्रजीची अक्षरे गिरवली तेथेच मुख्याध्यापक होण्याचा हा योग होता. संस्कृत शिकू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी रचलेली दोन पाठ्यपुस्तके याच कालखंडातील असून पुढे अनेक पिढ्या त्यांच्यावर वाढल्या. १८६८ नंतर मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृताच्या अध्यापनाचे काम त्यांच्याकडे आले.

प्राचीन वस्तूंकडे भांडारकर वळले ते काहीसे योगायोगाने. १८७० च्या सुमारास मुंबईतील एका पारशी गृहस्थांनी एक ताम्रपट वाचून घेण्यासाठी त्यांच्याकडे आणला. तो वाचण्याच्या निमित्ताने त्यांनी प्राचीन लिपींचा आणि तोवर झालेल्या पुराभिलेखविषयक लेखनाचा अभ्यास आरंभिला, आणि व्याकरणाचा अध्यापक इतिहासाच्या साधनांकडे ओढला गेला.

ताम्रपट ही वस्तूच मुळात मालकीचा दस्तऐवज असते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. राजाने दिलेली जमीन वा गाव कोणास दिले, त्याच्या सीमा कोणत्या, दान घेणाऱ्याचे गोत्र वा परंपरा कोणती, हे तांब्यावर कोरलेले असे. दान घेणाऱ्याचे वंशज तो पट जपत, कारण त्यांचा हक्क त्यावर अवलंबून असे. घराणे स्थलांतर करी तेव्हा पटही त्याच्याबरोबर जाई. साहजिकच पट सापडण्याचे ठिकाण आणि पटात उल्लेखिलेले गाव ही पुष्कळदा भिन्न असतात. या दोहोंची नोंद स्वतंत्रपणे न ठेवल्यास इतिहासकाराची दिशाभूल होते.

भांडारकरांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या चौथ्या खंडात (१८९६-९७) संपादून प्रसिद्ध केलेला राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याचा कऱ्हाड ताम्रपट या दृष्टीने अभ्यसनीय आहे. शके ८८० मधील हा पट राजाचा तळ दक्षिणेत मेलपाटी येथे असताना दिलेला आहे. दान दिलेले कंकें हे गाव मात्र कऱ्हाड प्रांतातले, आणि दान घेणारा गगनशिव हा शैव आचार्य. सोमदेवसूरीच्या ‘यशस्तिलक’ या ग्रंथाच्या अखेरीस ग्रंथसमाप्तीचा शक ८८१ असा दिला असून त्या वेळी कृष्णराज मेलपाटीस असल्याचे नमूद आहे. एक पुरावा तांब्यावरचा, दुसरा पोथ्यांच्या परंपरेतून आलेला. एक शैव आचार्याच्या दानाचा, दुसरा जैन ग्रंथकाराचा. परस्परांशी संबंध नसलेल्या दोन मार्गांनी आलेली ही साधने एकाच राजाला एकाच ठिकाणी दाखवितात, म्हणून त्यांच्या साक्षीला बळ येते. साधन कोणत्या वाटेने आले हे ठाऊक असल्यावाचून त्यांचे हे परस्परनिरपेक्षत्व सिद्ध करता येत नाही.

मुंबई इलाख्यात संस्कृत हस्तलिखितांच्या शोधाचे सरकारी कार्य १८६८ च्या सुमारास सुरू झाले होते. जॉर्ज ब्यूलर आणि फ्रान्झ कीलहॉर्न हे त्याचे आरंभीचे प्रमुख. कीलहॉर्न मायदेशी परतल्यानंतर १८८२ मध्ये भांडारकर डेक्कन कॉलेजात प्राध्यापक झाले आणि हे काम त्यांच्याकडे व मुंबईत पीटर पीटरसन यांच्याकडे आले. १८८२-८३ पासून १८९१ पर्यंतच्या शोधाचे भांडारकरांचे अहवाल क्रमाने प्रसिद्ध झाले. खरेदी केलेल्या पोथ्यांच्या याद्यांसोबत महत्त्वाच्या ग्रंथांचे आरंभीचे व अखेरचे भाग, ग्रंथकारांची कुलवृत्ते आणि कालनिर्णयाची चर्चा त्यांत येते.

अखेरच्या भागाला त्यांनी दिलेले महत्त्व सकारण होते. पोथीच्या पुष्पिकेत ग्रंथाचे व ग्रंथकाराचे नाव असतेच. त्यापुढे लेखनाचा शक वा संवत, गाव, लेखकाचे नाव आणि ज्याच्यासाठी पोथी लिहिली त्याचे नावही पुष्कळदा येते. काही पोथ्यांवर नंतरच्या मालकांनी आपली नावे निराळ्या अक्षरात लिहिलेली आढळतात. मूळ नावावर हरताळ फासून दुसरे नाव घातलेलेही आढळते. पोथी म्हणजे तिच्या मालकांची अपुरी का होईना, पण तिने स्वतःच बाळगलेली वंशावळ होय. ग्रंथरचनेचा काळ आणि पोथीलेखनाचा काळ यांची गल्लत न करता ही वंशावळ वाचणे हे ग्रंथाच्या कालनिर्णयाचे पहिले पाऊल ठरते.

सरकारी संग्रहातील पोथ्यांची क्रमांकपद्धती या संदर्भात फार बोलकी आहे. प्रत्येक पोथीच्या क्रमांकाला ती ज्या वर्षी वा वर्षांत मिळविली गेली ते वर्ष जोडलेले असते. १८७५-७६ म्हटले की ब्यूलर यांनी काश्मीरच्या दौऱ्यात मिळविलेल्या पोथ्या, १८८४-८७ किंवा १८८७-९१ म्हटले की भांडारकरांच्या शोधाचा काळ. पुण्याच्या विश्रामबागवाड्यातील संस्कृत पाठशाळेकडून आलेल्या पोथ्या विश्रामबाग संग्रह या नावानेच ओळखल्या जातात. विषयवार पुनर्मांडणीत हा क्रमांक पुसला गेला नाही, ही अभ्यासकांच्या दृष्टीने मोठी भाग्याची गोष्ट होय.

परंतु या पद्धतीची मर्यादाही स्पष्ट आहे. क्रमांकातून वर्ष कळते, घर कळत नाही. खरेदी पुष्कळदा मध्यस्थांमार्फत होई. विकणाऱ्या कुटुंबाची अडचण, त्याच्या वंशात ती पोथी किती पिढ्या होती, तिच्याबरोबर एकाच रुमालात आणखी कोणत्या पोथ्या बांधलेल्या होत्या, हे सारे व्यवहारात गळून पडे. पोथी वाळवीपासून आणि दमट हवेपासून वाचली, पण तिचे घर तुटले. जतन आणि विच्छेद ही एकाच व्यवहाराची दोन अंगे होती.

या पार्श्वभूमीवर भांडारकरांनी १८९३ साली प्रसिद्ध केलेली मुंबई इलाख्यातील खाजगी ग्रंथसंग्रहांतील हस्तलिखितांची यादी विशेष मोलाची ठरते. येथे पोथी सरकारजमा करण्याचा हेतू नाही. ती जेथे आहे तेथेच राहावी, मात्र ती तेथे आहे हे विद्वज्जगताला कळावे, अशी ही रीत आहे. १८८३-८४ च्या अहवालातील पाटणच्या जैन भांडारांची माहितीही अशाच स्वरूपाची. ही भांडारे संघाच्या मालकीची, विक्रीस नसलेली. त्यांच्याबाबत वर्णन आणि नोंद एवढाच मार्ग होता. खरेदीच्या यादीने पोथी सुरक्षित झाली. मालकाकडील पोथीच्या यादीने तिचे मूळ स्थानही सुरक्षित झाले.

या सामग्रीचे फलित त्यांच्या दख्खनच्या प्राचीन इतिहासात (१८८४, दुसरी आवृत्ती १८९५) दिसते. यादवांच्या वंशावळीसाठी त्यांनी हेमाद्रीच्या व्रतखंडाच्या आरंभीची राजप्रशस्ती हस्तलिखिते ताडून सिद्ध केली, ती परिशिष्टात छापली आणि शिलालेख-ताम्रपटांशी जुळवून पाहिली. ज्ञानदेव आणि महानुभावांच्या काळाचा विचार करताना मराठीच्या अभ्यासकाला यादवकालाचा जो सांगाडा गृहीत धरावा लागतो, त्याच्या उभारणीत या पोथ्यांचा असा वाटा आहे. १८७७ च्या विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्यानांत संस्कृतापासून मराठीपर्यंतचा भाषाविकास मांडणारे भांडारकर आणि पोथ्यांचा काळ ठरविणारे भांडारकर यांची दृष्टी एकच होती : प्रत्येक रूपाला काळ आणि स्थळ असते.

हीच दृष्टी त्यांच्या सामाजिक भूमिकेतही उतरली. वचनांना काळ आणि स्थळ लाभले की शास्त्राला इतिहास प्राप्त होतो, आणि इतिहास असलेली गोष्ट बदलूही शकते. विवाहवयाच्या वादात त्यांनी धर्मग्रंथांच्याच आधारे सुधारणेची बाजू मांडली. १८९१ साली स्वतःच्या विधवा कन्येचा पुनर्विवाह करून दिला आणि त्यापायी लोकनिंदा सोसली. संशोधन हा त्यांच्या लेखी निरुपद्रवी छंद नव्हता.

गटिंगेन विद्यापीठाची सन्माननीय पदवी (१८८५), व्हिएन्नाच्या प्राच्यविद्या परिषदेतील सहभाग (१८८६), मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद (१८९३-९५) असे सन्मान त्यांना लाभले. ६ जुलै १९१७ रोजी, त्यांच्या ८० व्या वाढदिवशी, पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना झाली. त्यांनी आपला ग्रंथसंग्रह संस्थेस दिला. डेक्कन कॉलेजातील सरकारी हस्तलिखित संग्रह १९१८ मध्ये संस्थेकडे सोपविण्यात आला. जागा बदलली तरी सरकारी संग्रह ही त्याची ओळख आणि जुने क्रमांक कायम राहिले. १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू होऊन ते १९६६ साली पूर्ण झाले. त्या आवृत्तीत हस्तलिखितांची मांडणी लिपी व प्रदेश यांनुसार झाली, म्हणजे पोथीचे मूळ स्थान हाच पाठनिर्णयाचा एक पाया ठरला. २४ ऑगस्ट १९२५ रोजी ऋषिपंचमीच्या दिवशी भांडारकरांचे निधन झाले.

त्यांच्यानंतर ही शिस्त पुढे नेणाऱ्यांत रत्नागिरी जिल्ह्यातील देवरुख येथे जन्मलेले परशुराम कृष्ण गोडे (१८९१-१९६१) यांचे नाव अग्रभागी येते. संस्थेचे अभिरक्षक म्हणून काम करताना त्यांनी शेकडो लेखांतून ग्रंथांचे आणि वस्तूंचे काळ ठरविले आणि प्रत्येक पोथीचा उल्लेख तिच्या संग्रहवर्षासह केला. संस्थेत आज २८ हजारांहून अधिक हस्तलिखिते आहेत. त्यांतील ऋग्वेदाच्या ३० पोथ्यांची २००७ साली युनेस्कोच्या जागतिक स्मृतिनोंदणीत निवड झाली. त्याआधी ५ जानेवारी २००४ रोजी याच संस्थेवर जमावाने हल्ला करून ग्रंथसंपदेची नासधूस केली होती. अशा वेळी काय वाचले आणि काय गेले हे सांगणारी एकच वस्तू हाती असते, ती म्हणजे नोंदवही.

भांडारकरांच्या संग्रहकार्याचे मूल्यमापन करताना पोथ्यांची संख्या हा निकष अपुरा पडतो. वस्तूबरोबर तिच्या येण्याची नोंद ठेवणे, आणि वस्तू मालकाकडे ठेवूनही तिची नोंद घेणे, या दोन रीती त्यांच्या कार्यात आढळतात. पहिलीत घराचे नाव हरवले. दुसरीत ते राखण्याची सोय होती. महाराष्ट्रातील आणि विशेषतः कोकणातील घरांमधून उरलेल्या पोथ्यांच्या बाबतीत ही दुसरी रीत अवलंबिण्यास अजूनही अवसर आहे, आणि ते काम मराठीच्या विभागांच्या आवाक्यातील आहे.