उन्हाळा खरंच वाढलाय का? केरूनाना छत्रे यांची रीत काय सांगते, जाणून घ्या

मे महिन्यात जालना, अंबड, भोकरदनमध्ये पारा चाळिशीपार गेला की चौकात वाद ठरलेला. एक म्हणतो ऊन दरवर्षी वाढतंय, दुसरा म्हणतो पूर्वीही असंच होतं. हा वाद आठवणींवर मिटत नाही, त्याला नोंदी लागतात. महाराष्ट्रात अशा नोंदी सुरुवातीच्या काळात ज्यांनी घेतल्या, त्यात एक नाव केरूनाना छत्रे यांचं.

कोण होते केरूनाना?
केरो लक्ष्मण छत्रे यांचा जन्म १६ मे १८२४ रोजी अलिबागजवळच्या नागावात झाला. आई-वडिलांचं छत्र लहानपणीच हरपलं. शिक्षण मुंबईत झालं. १८४०च्या सुमारास, ऐन तरुण वयात ते कुलाबा वेधशाळेत प्रा. ऑर्लेबार यांच्या हाताखाली कामाला लागले. काम होतं चुंबकत्व आणि हवामानाच्या नोंदींचं. पुढे ते पुण्यात गणिताचे प्राध्यापक झाले. लोकमान्य टिळक हे त्यांचे विद्यार्थी.

पंचांगाचा वाद काय होता?
जुन्या पंचांगातलं गणित आणि आकाशात प्रत्यक्ष दिसणारे ग्रह यांचा मेळ बसत नव्हता. केरूनानांनी प्रत्यक्ष वेध प्रमाण मानले. १८६०मध्ये त्यांनी ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या गणितावर आधारलेलं पटवर्धनी पंचांगही निघालं. ते सगळ्यांनी लगेच स्वीकारलं नाही, पण केरूनाना मागे हटले नाहीत. १९ मार्च १८८४ रोजी त्यांचं निधन झालं.

मग उन्हाळ्याचं काय?
इथेही कसोटी तीच. भारतीय हवामान विभाग १८७५मध्ये स्थापन झाला. देशाच्या सरासरी तापमानाचा हिशेब १९०१पासून उपलब्ध आहे. त्यानुसार २०१८पर्यंत ही सरासरी सुमारे ०.७ अंशाने वाढली. २०२४ हे १९०१नंतरचं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं.

सूर्यच जास्त तापतोय का?
नाही. तसं असतं तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते. प्रत्यक्षात जमिनीलगतची हवा तापतेय आणि वरचा थर थंड होतोय. ही कार्बन डायऑक्साइडसारख्या वायूंची खूण आहे.

०.७ अंशाने काय बिघडतं?
सरासरी थोडी सरकली तरी अति उष्ण दिवसांची संख्या वाढते. त्याचा फटका मोसंबीच्या बागांना आणि दुपारी रानात राबणाऱ्या मजुरांना बसतो. एखादा मे महिना सौम्य गेला म्हणून हे खोटं ठरत नाही. निकाल अनेक वर्षांच्या नोंदी देतात.