रॉबर्ट शुमान (१८८६–१९६३)

रॉबर्ट शुमान यांचा जन्म २९ जून १८८६ रोजी लक्झेंबर्ग शहरात झाला. वडील लोरेनचे; जन्माने फ्रेंच. फ्रान्सच्या पराभवानंतर १८७१ मध्ये लोरेनचा तो भाग जर्मनीकडे गेला आणि ते जर्मन प्रजाजन ठरले. आई लक्झेंबर्गची. शुमान यांची घरची भाषा लक्झेंबर्गी. जर्मन व फ्रेंच या नंतर शिकून आत्मसात केलेल्या. त्यांचे कायद्याचे शिक्षण जर्मन विद्यापीठांत झाले आणि १९१२ मध्ये त्यांनी मेट्झ येथे वकिली सुरू केली. पहिल्या महायुद्धानंतर लोरेन पुन्हा फ्रान्सकडे आला व १९१९ मध्ये हेच वकील फ्रेंच संसदेत निवडून गेले. त्यांच्या फ्रेंचमधला सीमाभागाचा हेल मात्र गेला नाही. पुढे विरोधकांनी भर संसदेत त्यांना जर्मन म्हणून हिणवले. हेलावरून माणसाची निष्ठा ठरवणे म्हणजे काय, हे सीमाभागातील मराठी विद्यार्थ्यांना वेगळे सांगावयास नको.

जुलै १९४० मध्ये शुमान यांनी मार्शल पेताँ यांना सर्वाधिकार देण्याच्या बाजूने मत दिले. ही चूक झाकण्याचे कारण नाही. त्याच वर्षी गेस्टापोने त्यांना अटक केली. १९४२ मध्ये ते नजरकैदेतून निसटले आणि फ्रान्स मुक्त होईपर्यंत लपून राहिले.

१९४८ मध्ये परराष्ट्रमंत्री झाल्यावर त्यांच्यापुढे जुनाच प्रश्न उभा राहिला : जर्मनीचे करायचे काय? पहिल्या युद्धानंतर फ्रान्सने नुकसानभरपाईचा तगादा लावला, १९२३ मध्ये रूर खोऱ्यात सैन्य घातले. त्यातून सुरक्षितता लाभली नाही. ज्याँ मोने व त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेला मसुदा वेगळी वाट दाखवीत होता. तोफा पोलादाच्या बनतात व पोलादाला कोळसा लागतो. दोन्ही देशांचे हे उत्पादन एका सामाईक उच्च प्राधिकरणाखाली आणले, तर कोणालाही गुपचूप शस्त्रसज्ज होता येणार नव्हते. शुमान यांनी राजकीय जोखीम पत्करली. जर्मन चान्सेलर आडेनाउअर यांची संमती गुप्तपणे मिळवून त्यांनी ९ मे १९५० रोजी योजना जाहीर केली. आडेनाउअर, शुमान आणि इटलीचे दे गास्पेरी हे तिघेही परस्परांशी जर्मनमधून बोलू शकत, ही गोष्ट इतिहासकारांना किरकोळ वाटेल; भाषेच्या अभ्यासकाला ती तशी वाटत नाही.

१८ एप्रिल १९५१ रोजी फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स व लक्झेंबर्ग यांनी करारावर सह्या केल्या. ब्रिटन बाहेर राहिले. सामाईक युरोपीय सैन्याची पुढची योजना मात्र १९५४ मध्ये खुद्द फ्रेंच संसदेनेच फेटाळली. कोळशावरचा ताबा वाटून घेणे जमले, सैन्यावरचा नाही.

१९५८ ते १९६० या काळात शुमान युरोपीय संसदीय सभेचे पहिले अध्यक्ष होते. ४ सप्टेंबर १९६३ रोजी मेट्झजवळील सी-शाझेल येथील राहत्या घरी त्यांचे निधन झाले. त्यांनी सुचविलेल्या उच्च प्राधिकरणाचे काम तेव्हा लक्झेंबर्ग शहरातून, म्हणजे त्यांच्या जन्मगावातूनच, चालत होते.