परक्या देशी रुजलेली थेरी संघमित्रा



नवा देश, परकी बोली, जवळ माहेरचे कोणी नाही. तेथे आपला निभाव कसा लागेल, ही धास्ती पुष्कळांना असते. इ.स.पूर्व तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाच्या कन्येने हे सारे पत्करले. ‘महावंस’ या पाली ग्रंथात तिची हकिकत आहे.

संघमित्रेला सुमन नावाचा मुलगा होता. वयाच्या १८व्या वर्षी तिने प्रव्रज्या घेतली. पुढे भाऊ महेंद्र धम्म घेऊन लंकेला गेला. सुमनही त्याच्याबरोबर होता. तेथे राजाच्या भावाची पत्नी अनुला व तिच्या सख्यांनी प्रव्रज्या मागितली. परंतु स्त्रियांना ती देण्यास भिक्खुणीच हवी. म्हणून महेंद्राने बहिणीला बोलावले. मुलगा गेला, नातू गेला, आता लेकही निघाली, म्हणून अशोक व्याकुळ झाला. तरी ती निघाली. ताम्रलिप्तीहून बोधिवृक्षाची फांदी घेऊन ती जहाजाने लंकेस पोचली.

अनुला व तिच्या सख्या दशशील पाळीत तिची वाटच पाहत होत्या. त्यांना प्रव्रज्या देऊन तिने तेथे भिक्खुणीसंघ उभा केला. त्या परक्या स्त्रियाच तिचा परिवार झाल्या. ७९व्या वर्षी तिचे निर्वाण झाले, तेही लंकेतच. अनुराधपूरचा बोधिवृक्ष आजही उभा आहे.

भगिनींनो, परमुलुखी गेलात तर आपल्यासारखी वाट पाहणारी दुसरी बाई आधी शोधा. आणि बंधूंनो, घरची वंदना तिच्याविना उरकू नका. स्त्री बाहेर राहिली, तर धम्म उंबऱ्यातच अडतो.