यवतमाळच्या शकुंतलेला ज्याच्या इंजिनाने ओढलं, तो माणूस भर समुद्रात गायब झाला होता

यवतमाळ, दारव्हा, मूर्तिजापूर या भागातल्या कुणालाही शकुंतला म्हणा, त्याच्या डोळ्यासमोर अडीच फुटांच्या रुळांवरून रमतगमत जाणारी छोटी रेल्वे येते. वऱ्हाडातला कापूस नेण्यासाठी इंग्रजांच्या काळात एका खासगी कंपनीने हा मार्ग टाकला. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन ही गाडी ओढायचं. सत्तरेक वर्षं राबून १५ एप्रिल १९९४ ला ते निवृत्त झालं आणि त्याच्या जागी डिझेल इंजिन आलं.

डिझेल हा शब्द आपण पेट्रोल पंपावर रोज वाचतो. पण हे एका माणसाचं आडनाव आहे. रुडॉल्फ डिझेल. शकुंतलेपर्यंत त्याचं इंजिन पोहोचलं तेव्हा त्याला जाऊन ८० वर्षं उलटली होती.

रुडॉल्फचा जन्म १८ मार्च १८५८ चा, पॅरिसमधला. आईवडील मूळचे जर्मन. वडील चामड्याच्या वस्तू बनवायचे. १८७० मध्ये फ्रान्स आणि जर्मनांमध्ये युद्ध पेटलं आणि या कुटुंबाला पॅरिस सोडून लंडन गाठावं लागलं. हातात पैसा नव्हता. मग १२ वर्षांच्या रुडॉल्फला जर्मनीत ऑग्सबुर्गला नातेवाईकांकडे शिकायला धाडलं.

पोरगं हुशार निघालं. म्युनिकच्या पॉलिटेक्निकमध्ये त्याला कार्ल फॉन लिंडे हे शिक्षक भेटले. बर्फ बनवायच्या यंत्रांमधलं हे मोठं नाव. वर्गात त्याला कळलं, की वाफेचं इंजिन कोळशातली दहा टक्के ऊर्जासुद्धा धड वापरत नाही. बाकीची सगळी वाया. हे त्याच्या डोक्यातून गेलंच नाही.

त्याने उपाय शोधला तो असा. सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम होतो ना? हवा दाबली की तापते. मग ती इतकी दाबायची, की त्यात तेल सोडल्याबरोबर ते आपोआप पेटेल. वेगळी ठिणगी नको, की बॉयलर नको.

१८९२ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला. ऑग्सबुर्गच्या कारखान्यात १८९३ साली पहिली चाचणी झाली, तेव्हा स्फोट होऊन मोजमापाचं उपकरणच उडालं. तरी गडी मागे हटला नाही. चार वर्षं खपून १८९७ मध्ये त्याने जे इंजिन उभं केलं, त्याची कार्यक्षमता भरली २६.२ टक्के. म्हणजे वाफेच्या इंजिनाच्या दुपटीहून जास्त.

त्याला नुसतं मोठं यंत्र बनवायचं नव्हतं. वाफेचं इंजिन परवडायचं ते बड्या कारखानदारांना. छोट्या कारागिरालाही स्वतःचं इंजिन घेता यावं, हे त्याचं स्वप्न होतं. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात तर त्याच्या पद्धतीचं एक इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं गेलं. शेतात पिकलेल्या तेलावर इंजिन चालू शकतं, हे तेव्हाच दिसलं होतं.

१९१२ मध्ये स्वित्झर्लंडच्या रुळांवर जगातलं पहिलं मोठं डिझेल रेल्वे इंजिन चाचणीसाठी धावलं. पण ते फसलं. रेल्वेत डिझेलचे दिवस यायला अजून बराच काळ होता.

रुडॉल्फकडे तेवढा काळ उरला नव्हता. पेटंटमधून लाखो मार्क मिळाले होते, पण जमिनीचे आणि तेलाचे व्यवहार अंगलट आले. त्यात कोर्टकचेऱ्या आणि ढासळलेली तब्येत. बाहेरून श्रीमंत दिसणारा हा माणूस आतून कर्जात बुडाला होता.

२९ सप्टेंबर १९१३. बेल्जियमहून इंग्लंडला निघालेल्या ड्रेस्डेन नावाच्या बोटीवर तो रात्री जेवला, आपल्या खोलीकडे गेला आणि सकाळी सापडलाच नाही. काही दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात मृतदेह दिसला. खलाशांनी खिशातल्या वस्तू काढून घेतल्या आणि देह पुन्हा पाण्यात सोडला. त्या वस्तू मुलाने ओळखल्या. आत्महत्या, अपघात की घातपात, याचं उत्तर आजही नाही.

माणूस ५५ व्या वर्षी गेला, पण त्याचं इंजिन चिवट निघालं. पिस्टन झिजले, लायनर गेले, टर्बो थकला, तरी एकेक भाग बदलून ते पुन्हा उभं करता येतं. आपल्या ब्रॉडगेजवरची जुनी डिझेल इंजिनं साधारण १८ वर्षांनी पतियाळाच्या कारखान्यात जायची. तिथे ती पूर्ण खोलली जायची आणि २६०० अश्वशक्तीचं इंजिन ३१०० चं होऊन बाहेर पडायचं.

आता ब्रॉडगेजचे जवळपास सगळे मार्ग विजेवर गेलेत. मग चांगल्या स्थितीतल्या डिझेल इंजिनांचं करायचं काय? २०२० मध्ये त्यातली १० भारताने बांगलादेशला दिली. वाराणसीच्या कारखान्यात तर दोन डिझेल इंजिनांचं रूपांतर विजेच्या जोड इंजिनात झालं. सांगाडा तोच ठेवला, आतलं रुडॉल्फचं यंत्र तेवढं काढलं.

आणि आपली शकुंतला? तिची चाकं थांबली आहेत. तिकडे वर्धा-यवतमाळ-नांदेड या ब्रॉडगेजचं काम सुरू आहे, २०२४ मध्ये वर्धा ते कळंबपर्यंत गाडीही आली. पण जुन्या मार्गावरच्या छोट्या गावांच्या वाट्याला ती येत नाही. मोठ्यांकडे जे आहे ते छोट्यांनाही मिळावं, हेच रुडॉल्फचं म्हणणं होतं. थकलेलं इंजिन कारखान्यात नेऊन पुन्हा उभं करता येतं. पण ते धावायचं तर खाली रूळ लागतात, आणि शकुंतलेच्या गावांचं मागणं तेवढंच आहे.