लुई पाश्चर आणि नऊ वर्षांचा जोसेफ

पिसाळलेला कुत्रा चावला आणि रोग अंगात भिनला की मरण ठरलेले, अशी एके काळी जगभर स्थिती होती. ती बदलणाऱ्या लुई पाश्चर यांची आज आपण ओळख करून घेऊ या.

फ्रान्समधील दोल गावी २७ डिसेंबर १८२२ रोजी कातडी कमावणाऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. त्यांच्या लहानपणी पिसाळलेल्या लांडग्याने परिसरातील माणसांना चावे घेतले. लोहाराकडे जाऊन तापल्या लोखंडाने जखम डागणे, एवढाच तेव्हा उपाय होता. पुढे पाश्चर रसायनशास्त्रज्ञ झाले. त्यांच्या तीन मुली आजाराने गेल्या. १८६८ मध्ये अर्धांगवायूचा झटका आला, तरी काम थांबले नाही.

रेबीजचा विषाणू तेव्हाच्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नव्हता. मात्र, रेबीजने मेलेल्या सशाचा मज्जारज्जू कोरड्या हवेत टांगला की त्यातील विष दिवसेंदिवस सौम्य होते, असे पाश्चर व त्यांचे सहकारी एमिल रू यांना आढळले. चाव्यानंतर रोग मज्जातंतूंतून हळूहळू मेंदूकडे सरकतो. तो पोहोचण्याआधीच शरीराला प्रतिकार शिकवावा, हा पाश्चर यांचा विचार होता.

६ जुलै १८८५ रोजी अल्सेसहून एक आई नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला घेऊन पॅरिसला आली. मुलाला चौदा जखमा होत्या. पाश्चर डॉक्टर नव्हते. नेमकी ही पद्धत प्राण्यांवरही पुरेशी पारखलेली नव्हती, हे पुष्कळ वर्षांनी त्यांच्या वह्यांतून उघड झाले. लस देऊन मूल दगावले तर? न देता दगावले तर? त्यांच्या जागी आपण काय केले असते? दोन डॉक्टरांशी विचारविनिमय करून त्यांनी होकार दिला. दहा दिवसांत तेरा वेळा लस टोचली गेली. जोसेफ वाचला.

त्याच नोव्हेंबरात लुईज पेलेतिए ही मुलगी चाव्यानंतर ३७ दिवसांनी आली. फार उशीर झाला होता. अपयश आले तर लशीची बदनामी होईल, हेही पाश्चर जाणून होते. तरी आईबापांची विनवणी त्यांना मोडवेना. लुईज वाचली नाही.

खात्री होईपर्यंत थांबणे हाही एक निर्णयच असतो आणि त्याचीही जबाबदारी आपल्यावर येते, हे पाश्चर यांच्या जीवनातून आपण शिकतो.

२८ सप्टेंबर १८९५ रोजी ते निवर्तले. हाच दिवस आता जागतिक रेबीज दिन म्हणून पाळतात. पोटातली ती इंजेक्शने आता गेली. लस दंडावर देतात. म्हणून कुत्रा चावल्यास हळद-चुना न लावता जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊ या व त्याच दिवशी दवाखाना गाठू या.